दीड सेकंदाचे अपयश, पावणेचार वर्षांची चिकाटी

'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य शाळेच्या फळ्यावरील सुविचारापासून सत्कार समारंभातील भाषणांपर्यंत सर्वत्र भेटते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पहिल्या पायरीवर पाय ठेवून आयुष्यभर तेथेच उभे राहणारेही पुष्कळ असतात. अपयशानंतर नेमके काय केले म्हणजे दुसरी पायरी सापडते, हे त्या सुविचारात सांगितलेले नसते. 'चिकाटी ठेवा' एवढा उपदेश केला की काम भागले, असे मानले जाते. परंतु चिकाटी म्हणजे तेच काम तशाच पद्धतीने पुन्हापुन्हा करीत राहणे नव्हे. मग ती म्हणजे काय? भारताच्या क्रायोजेनिक इंजिनाचा सुमारे वीस वर्षांचा प्रवास या प्रश्नाचे बरेच समाधानकारक उत्तर देतो.

१५ एप्रिल २०१० रोजी दुपारी ४ वाजून २७ मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून 'जीएसएलव्ही-डी ३' हा अग्निबाण झेपावला. त्याच्या माथ्यावर २,२२० किलो वजनाचा 'जीसॅट-४' उपग्रह होता आणि तिसऱ्या टप्प्यात प्रथमच भारतीय बनावटीचे क्रायोजेनिक इंजिन बसविलेले होते. पहिले दोन टप्पे ठरल्याप्रमाणे पार पडले. सुमारे पाच मिनिटांनी तिसऱ्या टप्प्याची वेळ आली. इंजिन पेटले, पण अग्निबाणाला हवा तो वेग काही मिळेना. पडद्यावरील मार्गरेषा अपेक्षित रेषेपासून खाली ढळू लागली आणि थोड्याच वेळात उपग्रहासह सारे काही बंगालच्या उपसागरात गेले. सोळा वर्षांच्या परिश्रमांचा शेवट काही क्षणांत झाला होता.

हे इंजिन हवेच कशाला होते?

दूरसंचार व हवामान उपग्रहांना पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत पाठवावे लागते. त्या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरण्यास लागणारा वेळ आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास लागणारा वेळ सारखाच असल्याने तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. अशा कक्षेच्या वाटेवर जड उपग्रह नेऊन सोडायचा, तर अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात कमी वजनाच्या इंधनातून जास्तीत जास्त रेटा मिळणे आवश्यक असते. कारण त्या टप्प्यातील प्रत्येक जादा किलो इंधनाची किंमत उपग्रहाच्या वजनात मोजावी लागते.

द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप प्राणवायू ही जोडी या बाबतीत सरस ठरते. नेहमीच्या तापमानाला साठवता येणाऱ्या द्रव इंधनांच्या तुलनेत तिची कार्यक्षमता सुमारे दीडपट भरते. पण ही जोडी सांभाळणे मोठे जिकिरीचे असते. प्राणवायू द्रवरूपात ठेवायचा, तर उणे १८३ अंश सेल्सिअस आणि हायड्रोजन ठेवायचा, तर उणे २५३ अंश सेल्सिअस इतके तापमान राखावे लागते. एवढ्या थंडीत धातू आकसतात आणि निरनिराळे धातू निरनिराळ्या प्रमाणात आकसतात. खोलीच्या तापमानाला अचूक बसलेला भाग तेथे सैल तरी होतो किंवा जखडून तरी बसतो. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की, बारीकशा फटीतूनही तो निसटतो. शिवाय हीच द्रव्ये काही सेंटिमीटर अंतरावरच्या ज्वलनकक्षात जाऊन ३,००० अंशांहून अधिक तापमानाने जळतात. त्यांना तेथे ढकलणारा मुख्य पंप मिनिटाला सुमारे ४०,००० फेरे घेत असतो. गोठवणारी थंडी, वितळवणारी उष्णता आणि भोवऱ्यालाही लाजवील अशी गती यांना एका लहानशा जागेत एकत्र नांदवणे म्हणजे क्रायोजेनिक इंजिन बनवणे होय. जगात मोजक्याच देशांना ते साधले आहे, याचे कारण हेच.

विकत घेण्याचा मार्ग बंद झाला

भारतालाही प्रारंभी हे तंत्रज्ञान विकतच घ्यायचे होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या 'ग्लावकॉसमॉस' या संस्थेशी तसा करार झाला. त्यात तयार इंजिनांबरोबर तंत्रज्ञान देण्याचेही मान्य करण्यात आले होते. परंतु मे १९९२ मध्ये अमेरिकेने, क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसारावरील निर्बंधांचा आधार घेऊन, 'इस्रो' आणि 'ग्लावकॉसमॉस' या दोघांवरही दोन वर्षांचे निर्बंध लादले. वस्तुतः क्रायोजेनिक इंधन फार काळ भरून ठेवता येत नाही आणि ते भरण्यास कित्येक तास लागतात. आयत्या वेळी डागायच्या क्षेपणास्त्राला ते जवळपास निरुपयोगीच. भारताचा हा युक्तिवाद मान्य झाला नाही. सोव्हिएत संघ तोवर कोसळला होता. आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या रशियाने १९९३ मध्ये तंत्रज्ञान देण्यास असमर्थता दर्शविली. अखेर एकूण सात तयार क्रायोजेनिक टप्पे मिळाले; ते बनवण्याची विद्या मात्र मिळाली नाही.

१९९४ मध्ये स्वतःचा क्रायोजेनिक टप्पा विकसित करण्याच्या प्रकल्पाला केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस या कामावर आणखी एक घाव बसला. क्रायोजेनिक प्रकल्पाची धुरा वाहणारे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्ये हे आरोप निराधार असल्याचे न्यायालयाला कळवले. तरी संपूर्ण न्याय मिळण्यास सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक होती असे नमूद करून त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. चोवीस वर्षे एक माणूस आपल्या निर्दोषत्वासाठी झगडत राहिला. इंजिनाच्या कहाणीशी समांतर चाललेली ही दुसरी चिकाटी विसरता येण्याजोगी नाही.

साहजिकच या काळात शंका घेणाऱ्यांची वाण नव्हती. ज्यांना हे तंत्रज्ञान कोणी देत नाही, त्यांना ते स्वबळावर कसे जमणार, ही बाहेरच्यांची शंका होती. परदेशी अग्निबाणांतून उपग्रह पाठवता येत असताना हा खटाटोप कशासाठी, ही घरातली शंका होती. दुसरी शंका अधिक बोचणारी होती, कारण ती अगदीच बिनबुडाची नव्हती. भारताचे जड उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून 'एरियन' अग्निबाणाद्वारे व्यवस्थित जातच होते. विकत मिळणाऱ्या वस्तूसाठी वर्षानुवर्षे झटणे हे शहाणपण की हट्ट, असा प्रश्न विचारणारा मनुष्य देशद्रोही ठरत नाही. त्याला उत्तर द्यायचे ते कामानेच द्यावे लागते.

आणि काम तर सावकाश चालले होते. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे फेब्रुवारी २००० मध्ये झालेली इंजिनाची पहिली चाचणी यशस्वी झाली नाही. त्यानंतर दोष शोधत आणि सुधारणा करत १५ नोव्हेंबर २००७ रोजी संपूर्ण टप्पा जमिनीवर सलग ७२० सेकंद, म्हणजे उड्डाणात लागतो तेवढा सगळा वेळ, चालवून दाखवण्यात आला. आता फक्त उड्डाण उरले होते. ते एप्रिल २०१० मध्ये झाले आणि समुद्रात संपले.

दीड सेकंदात काय घडले?

उड्डाणानंतर 'इस्रो'चे तत्कालीन अध्यक्ष के. राधाकृष्णन यांनी वर्षभरात पुन्हा प्रयत्न करण्याचा मनोदय व्यक्त केला. निराश झालेल्या सहकाऱ्यांना आणि देशाला त्या क्षणी असे काही सांगणे आवश्यकही होते. पुढचे उड्डाण प्रत्यक्षात झाले ते पावणेचार वर्षांनी. या विलंबातच या कहाणीचे मर्म आहे.

अग्निबाणाचे अवशेष समुद्रतळाशी गेले होते. हाती होती ती केवळ उड्डाणात जमिनीवर पोहोचलेली मोजमापे. त्यांच्या छाननीतून एक एक क्षण उलगडत गेला. इंजिन पेटले होते, यात शंका राहिली नाही. हायड्रोजनच्या टाकीजवळ एक पूरक पंप असतो. टाकीतील हायड्रोजन थोड्या दाबाने मुख्य पंपापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. तसा दाब नसला, तर अतिथंड हायड्रोजनमध्ये वायूचे बुडबुडे होतात आणि मुख्य पंपाला ओढण्यासाठी द्रवच मिळत नाही. या पूरक पंपाने मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांची गती व्यवस्थित गाठली होती. इंजिन सुरू झाल्यावर ०.९ सेकंदांनी ती घसरू लागली आणि पुढच्या ०.६ सेकंदांत पंप बंद पडला. ज्वलनकक्षाला हायड्रोजन मिळेनासा झाला. अवघ्या दीड सेकंदाचा हा खेळ.

पण पंप का थांबला? येथे तपास अडला. गळती रोखणाऱ्या एखाद्या सीलपाशी फिरता भाग घासून जखडला असावा, ही एक शक्यता होती. दाब आणि तापमानातील तफावत यांमुळे टर्बाइनचे आवरण फुटले असावे, ही दुसरी. या दोहोंपैकी नेमके कोणते कारण खरे, हे ठामपणे सांगण्यासाठी तो पंपच हाती हवा होता आणि तो तर समुद्रात होता.

अशा वेळी मनुष्यस्वभाव सर्वांत संभाव्य वाटणारे एक कारण निवडतो, तेवढे दुरुस्त करतो आणि पुन्हा नशीब अजमावतो. तंत्रज्ञांनी तसे केले नाही. जेवढी कारणे संभवतात ती सगळी खरी आहेत असे समजून प्रत्येकावर उपाय करायचे, असा मार्ग त्यांनी धरला. अतिथंड अवस्थेत कोणता भाग किती आकसतो याचा नव्याने हिशेब मांडून पंपातील फटींची मापे बदलण्यात आली. पंपाच्या रचनेत सुधारणा झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्वीच्या तयारीत एक उणीव राहून गेली होती, हे मान्य करण्यात आले. जमिनीवर इंजिन अनेकदा पेटवून पाहिले होते. परंतु उड्डाणात ते ज्या निर्वात स्थितीत पेटते, तशा स्थितीत ते पेटवून पाहिलेले नव्हते. त्यामुळे महेंद्रगिरीला अतिउंचीवरील निर्वात स्थिती निर्माण करून इंजिनाचे प्रज्वलन तपासण्यात आले.

शंका आणि चिकाटी या एकमेकींच्या वैरिणी आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. 'मनात शंका आणू नका, प्रयत्न करत राहा' असे सांगितले जाते. येथे मात्र शंकेलाच कामाला लावले गेले. 'हे आपल्याला जमेल का?' ही शंका माणसाचे हातपाय गाळते. 'ही फट पुरेशी आहे का?', 'हा पंप निर्वात स्थितीतही असाच चालेल का?' या शंका हाताला काम देतात. पहिल्या शंकेचे तुकडे करून तिला दुसऱ्या प्रकारच्या शेकडो लहान शंकांत बदलणे आणि त्या एकेक करून फेडणे, हाच चिकाटीचा व्यवहारातला अर्थ आहे.

उलटगणती थांबवण्याचे धैर्य

हे काम सुरू असतानाच दुसरा आघात झाला. २५ डिसेंबर २०१० रोजी 'जीसॅट-५ पी' उपग्रह घेऊन निघालेला 'जीएसएलव्ही-एफ ०६' पहिल्या मिनिटातच भरकटला आणि सुरक्षेच्या कारणास्तव आकाशातच नष्ट करावा लागला. यात रशियन बनावटीचा क्रायोजेनिक टप्पा होता. म्हणजे दोष भारतीय इंजिनाचा नव्हता. त्या टप्प्याच्या तळाशी असलेले आवरण वाकल्याने तेथील जोडण्या तुटल्या आणि खालच्या इंजिनांना सुकाणूचे संदेश पोहोचेनासे झाले. एका वर्षात दोन अग्निबाण व दोन उपग्रह गमावले गेले. 'जीएसएलव्ही'ला 'नॉटी बॉय', म्हणजे खट्याळ मुलगा, हे टोपणनाव चिकटले. पुढे ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान निघाले, तेही तुलनेने लहान पण भरवशाच्या 'पीएसएलव्ही'च्या खांद्यावरून.

या दुसऱ्या अपयशानंतर केवळ इंजिनाचाच नव्हे, तर सबंध अग्निबाणाचा फेरविचार झाला. वाऱ्याच्या दाबाचा अभ्यास पुन्हा करण्यात आला, आवरणाची रचना बदलली आणि तारांचे मार्गही नव्याने आखले गेले. अखेर १९ ऑगस्ट २०१३ ही तारीख ठरली. सायंकाळी ४ वाजून ५० मिनिटांनी उड्डाण व्हायचे होते. सर्वांचे डोळे क्रायोजेनिक टप्प्याकडे लागले असताना दुसऱ्याच टप्प्यातून इंधन गळू लागल्याचे दिसले. उड्डाणास ७४ मिनिटे उरली असताना उलटगणती थांबवण्यात आली.

त्या सायंकाळी निर्णय घेणाऱ्यांवर केवढे दडपण असेल, याची कल्पना करता येते. तीन वर्षे सारा देश वाट पाहत होता. आणखी एक माघार म्हणजे आणखी एक हेटाळणी. पण अग्निबाण तळावरून मागे जुळणी इमारतीत नेण्यात आला. टाकीच्या ॲल्युमिनिअम मिश्रधातूला ताण व गंज यांच्या एकत्रित परिणामाने तडे गेल्याचे तपासात आढळले. तेव्हा तीच टाकी डागडुजी करून न वापरता वेगळ्या मिश्रधातूची टाकी असलेला दुसरा टप्पा बसवण्यात आला. पुढे जात राहणे एवढीच चिकाटीची खूण समजली जाते. ठरलेल्या क्षणाला ७४ मिनिटे उरली असताना थांबणे हेही चिकाटीचेच लक्षण, किंबहुना तिची अधिक कठीण कसोटी होय.

५ जानेवारी २०१४ रोजी दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी 'जीएसएलव्ही-डी ५' झेपावला. सुमारे पाच मिनिटांनी क्रायोजेनिक इंजिन पेटले आणि या खेपेस पेटतेच राहिले. उड्डाणानंतर सुमारे सतरा मिनिटांनी १,९८२ किलो वजनाचा 'जीसॅट-१४' नियोजित कक्षेत सोडला गेला. नियंत्रण कक्षात त्या वेळी जो जल्लोष झाला, त्यात प्रकल्प मंजूर झाला तेव्हा तरुण असलेली आणि आता केस पिकलेली मंडळीही होती.

या यशात कारखान्यांतील हातांचाही वाटा होता. या इंजिनांचे भाग मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात, तसेच हैदराबादच्या उद्योगात घडतात. अग्निबाणाच्या मोठ्या घन इंधन टप्प्यांची आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला बनत आली आहेत. मापात केसाएवढाही फरक न राहू देणारे हे कारागीर वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत दिसत नाहीत. पण एकच भाग दहा वेळा मोजून पाहणारी त्यांची शिस्त हे चिकाटीचेच रोजचे, साधे रूप आहे.

यशानंतरही परीक्षा संपत नाही

पुढच्या मोठ्या इंजिनासाठी 'इस्रो'ने जुन्याच रचनेची मोठी नक्कल केली नाही. तुलनेने सोप्या कार्यचक्राचे, सुमारे २० टन रेट्याचे 'सीई-२०' हे नवे इंजिन तयार करण्यात आले. घाईही टाळली गेली. नव्या जड अग्निबाणाचे पहिले प्रायोगिक उड्डाण १८ डिसेंबर २०१४ रोजी झाले, तेव्हा त्यातील क्रायोजेनिक टप्पा प्रज्वलित करायचाच नव्हता. आधी खालचे टप्पे आणि अग्निबाणाचे वातावरणातील वर्तन तपासले गेले. ५ जून २०१७ रोजी चालू क्रायोजेनिक इंजिनासह ३,१३६ किलोचा 'जीसॅट-१९' कक्षेत गेला. १४ जुलै २०२३ रोजी याच जातीच्या अग्निबाणाने चांद्रयान-३ नेले आणि २३ ऑगस्ट रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. तेही चांद्रयान-२ चे अवतरण सप्टेंबर २०१९ मध्ये फसल्यानंतर.

याचा अर्थ आता सारे निर्धोक झाले, असा नाही. १२ ऑगस्ट २०२१ रोजी 'जीएसएलव्ही-एफ १०' मधील क्रायोजेनिक इंजिन पेटलेच नाही. हायड्रोजनच्या टाकीतील दाब कमी पडला होता आणि त्याचे मूळ एका झडपेतील गळतीत आढळले. सलग काही यशस्वी उड्डाणे केलेल्या इंजिनावर ही वेळ आली. पुन्हा तपास, पुन्हा सुधारणा आणि २९ मे २०२३ रोजी पुन्हा यशस्वी उड्डाण. चिकाटी ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची पदवी नसते, हे या झडपेने दाखवून दिले.

एक प्रश्न तरीही उरतो. प्रत्येक अपयशानंतर प्रयत्न चालूच ठेवावेत काय? जनतेचा पैसा आणि माणसांची उमेदीची वर्षे खर्ची पडत असताना हा प्रश्न टाळता येणार नाही. काही कामे वेळीच सोडून देणे श्रेयस्कर असते. मग चिकाटी आणि हट्ट यांतील सीमारेषा कोणती? क्रायोजेनिक इंजिनाच्या इतिहासात त्याची एक कसोटी सापडते. येथे कोणतेही अपयश आधीच्या अपयशाची पुनरावृत्ती नव्हते. २०१० च्या एप्रिलमध्ये पंप थांबला, डिसेंबरमध्ये जोडण्या तुटल्या, २०१३ मध्ये टाकीला तडे गेले, २०२१ मध्ये झडप गळली. जुनी चूक दुरुस्त झाली होती म्हणूनच नवी चूक दिसू शकली. ज्या कामात तीच चूक पुन्हापुन्हा होते, तेथे हट्ट चालू असतो. ज्या कामात दर वेळी चूक नवी असते आणि जुनीचे उत्तर सापडलेले असते, तेथे धीर धरण्यात अर्थ असतो.

परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, पहिल्या वर्षी तोट्यात गेलेला उद्योजक, प्रयोग फसलेला संशोधक यांच्या हाती महेंद्रगिरीसारखी चाचणी केंद्रे नसतात. पण 'मला जमेल का?' या प्रश्नापाशी थांबून न राहता 'नेमके कोठे अडले?' हे विचारणे त्यांनाही शक्य असते. उत्तर कदाचित दीड सेकंदाएवढ्या लहानशा जागेत दडलेले असेल आणि ते शोधायला काही वर्षे द्यावी लागतील.